कालच्याप्रमाणे

२ मार्च, सोमवार

आले एकदाची! आणि जागा चक्क आवडली. दोन खोल्या, छोटा ओटा, आणि खिडकीबाहेर थेट मेंढ्यांचे वाडे. सामान लावायला एक दुपार पुरली, कारण सामान आणलंय कुठे? भांडी मोजकी, कपडे त्याहून मोजके. ठकूचं खेळण्यांचं खोकं मात्र आधीच पोचतं केलंय. बाईसाहेब येण्याआधी त्यांचा लवाजमा हजर!

ठकू सात वर्षांची आहे आणि सध्या आईकडे आहे. शाळा मध्येच सोडवायची नाही म्हणून ती एप्रिलमध्ये येईल. तोवर मला घरात विचारणारं कुणी नाही. चहा तीनदा प्या नाहीतर जेवणच बुडवा.

ही वही आईनं बॅगेत कोंबली. ठकूचा बाबा गेला त्याला वर्ष होत आलं आणि मी अजून रडले नाही, हे तिला खुपतं. रडत नाहीस तर निदान लिही, म्हणाली. लिहिते बापडी. पण काय वाटतं ते लिही म्हणाली होती, आणि तिथेच घोडं पेंड खातं. मला काही वाटत नाही.

३ मार्च, मंगळवार

कामाचा पहिला दिवस. हे संशोधन केंद्र मेंढ्यांचं. त्यांच्या आजारांवर आणि म्हातारपणावर अभ्यास चालतो. आमच्या विभागाकडे मेंढ्या नाहीत, मेंढ्यांच्या तब्येतीच्या नोंदी आहेत. त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळे ‘कळप’ म्हणतात. राखणदार संध्याकाळी फिरतात, मेंढीच्या कानातल्या बिल्ल्यावर स्कॅनर धरतात आणि चार गोष्टी भरतात. खाणं, चाल, वागणूक, प्रतिसाद. प्रतिसाद म्हणजे हाक मारली, हात लावला तर जनावर दाद देतं का ते.

माझ्या हाताखाली दोघं. एक ‘दाढी’. याला दाढी नाही, पण नोकरीला लागला तेव्हा होती म्हणे, आणि नाव तेवढं उरलं. दुसरा ‘शंकासुर’. चुका शोधणं हे त्याचं कामच, त्यामुळे नाव सार्थ. पण स्वभाव इतका आनंदी की शंका घेणाऱ्याला इतका आनंद कसला, अशी मलाच शंका आली.

दोघांनी कळपातली एक गंमत दाखवली. एखाद्या दिवशी नोंद राहिली, तर कळप आपणहून आदल्या दिवशीचीच नोंद उतरवतो आणि खाली लिहितो, ‘कालच्याप्रमाणे’. शास्त्रज्ञांना आलेखात भोकं चालत नाहीत, म्हणून आधीच्या साहेबांनी ही सोय केली.

इथली रीत अशी, की नवीन आलेल्याच्या नावानं पहिल्या दिवशी एक खोटं जनावर बनवायचं. माझी मेंढी बनवली. (जनावर बनवताना पहिली नोंद टेबलावरून भरता येते, पुढच्या सगळ्या मात्र बिल्ला स्कॅन करूनच.) दाढी विचारत गेला, मी सांगत गेले. खाणं? ठीक. चाल? ठीक. वागणूक? शांत. प्रतिसाद? मी म्हटलं, नाही. दोघं खो खो हसले. बऱ्याच दिवसांनी मी कुणाला हसवलं.

ही खोटी जनावरं खऱ्या कळपातच बनवतात हे मात्र चूक आहे. त्यासाठी वेगळी चाचणीची प्रत असते. ती बंद पडून जमाना झाला म्हणे. पहिलं काम तेच काढायचं.

६ मार्च, शुक्रवार

आठवडा बरा गेला. इथे कुणी आजारी पडत नाही. दाढीनं आल्यापासून एकही आजारपणाची रजा घेतलेली नाही, शंकासुरानंही नाही. मी म्हटलं, हवा चांगली दिसते.

कोपऱ्यातल्या खोलीत आधीचे साहेब बसतात. कागदोपत्री निवृत्त झालेत, पण रोज येतात. टेबलापाशी बसतात, समोर चहा ठेवलेला असतो, त्यावर साय धरते. कसे आहात म्हटलं की म्हणतात, कालच्यासारखाच. मला वाटलं विनोद करतायत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

डॉक्टरीणबाईंशी ओळख झाली. मेंढ्यांच्या डॉक्टर. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. म्हणाल्या, तुमच्या लोकांना खोटी जनावरं खऱ्या कळपात घालू नका असं मी सांगून थकले. सोनारानंच कान टोचायला हवेत. आता तुम्ही आलात, तर टोचा. मी सोमवारपासून बघते म्हटलं.

चहा हातावर सांडला. उकळता होता. फोड आला नाही.

११ मार्च, बुधवार

दुपारी ठकूचा फोन. आजीशी भांडून रुसली होती. मी जेवणार नाही, आज नाही, उद्या नाही, तू येईपर्यंत नाहीच, असं हुंदके देत सांगत होती. मी कामावरच होते. तिला हसवायला म्हटलं, थांब, तुझं एक कोकरू बनवते. रडणं जागीच थांबलं. मग मी विचारत गेले आणि ती ऐटीत सांगत गेली.

खाणं: नाही. चाल: ठीक, पण एक दात हलतोय (हे लिहायलाच हवं होतं). वागणूक: आईची वाट बघतेय. प्रतिसाद: आहे, खूप आहे.

शेवटी म्हणाली, आता मी पण तुझ्या कळपात. मी म्हटलं, हो गं राणी. फोन ठेवल्यावर कोकरू काढून टाकायला गेले, तर पुसायची सोयच नाही. संशोधनातली नोंद पुसता येऊ नये म्हणून साहेबांनी ते दारच ठेवलेलं नाही. जाऊ दे म्हटलं, एक कोकरू जास्त.

१७ मार्च, मंगळवार

आईचा फोन. ठकू जेवत नाही म्हणते. पाणी पिते, शाळेत जाते, उड्या मारते, पण घास तोंडात घेत नाही. मी म्हटलं, हट्टी आहे, बाबावर गेलीय, पोटात कावळे ओरडले की खाईल. आई म्हणाली, अगं, आठवडा होत आला. तिच्या डॉक्टरांकडे नेलं, तर वजन तसूभर कमी नाही, तपासण्या चोख, पोरगी चोरून खात असेल म्हणाले.

ठकूला दात पडला का विचारलं. अजून हलतोय, म्हणाली. तू कधी येणार?

मला काळजी वाटायला हवी होती. लिहून ठेवते. वाटली नाही.

नखं कापायला बसले. कापण्याइतकी वाढलीच नाहीत.

२७ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट, क्रमानं लिहिते.

डॉक्टरीणबाई मला मागच्या जुन्या मेंढवाड्यात घेऊन गेल्या. तिथे एकच मेंढी उभी. राखणदार तिकडे फिरकत नाहीत. तिच्या कानातला बिल्ला कधीतरी गळून पडला. बिल्ला नाही म्हणून स्कॅन नाही, स्कॅन नाही म्हणून नोंद नाही. त्यामुळे कळप तेव्हापासून तिच्या नावापुढे ‘खाणं ठीक, चाल ठीक, कालच्याप्रमाणे’ असं उतरवत बसलाय. समोरचा चारा धुळीनं पांढरा झालेला. लोकर तेवढीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी इथे लागले तेव्हाही ही अशीच होती, आणि तेव्हा माझे केस काळे होते.

मी हात लावला. भिंतीला लावल्यासारखा लागला.

त्यांनी नवा बिल्ला आणला होता. चिमट्यानं कानात आरपार दाबला. रक्त आलं नाही. मला म्हणाल्या, नोंद करा, खरी करा, आज डोळ्यांना दिसतं तीच. मी स्कॅनर धरला आणि भरलं. खाणं: नाही. बटण दाबलं.

मेंढीनं मान वर केली. आमच्याकडे बघितलं, आणि चाऱ्याकडे झेप घेतली. एक घास घेतला असेल नसेल. मग लोकर वाढू लागली, पांढऱ्याची पिवळी झाली, गळायला लागली. पाय आत वळले. ती ओरडली. मेंढीला तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. राहिलेली सगळी वर्षं आणि सगळी भूक एका दमात तिच्या अंगावर आली. खाली उरलं ते हाडं आणि भुगा.

डॉक्टरीणबाई ओकल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभी होते. त्या म्हणाल्या, तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?

मग आम्हा दोघींचेही डोळे एकदमच माझ्या हातातल्या स्कॅनरवर गेले.

३० मार्च, सोमवार

दाढी आणि शंकासुराला सांगितलं. त्यांना माहीत होतं. दाढी म्हणाला, मॅडम, त्रास काय आहे? दुखत नाही, खुपत नाही, केस पिकत नाहीत. शंकासुराच्या नावानं बनवलेल्या मेंढ्याची नोंद मी काढून बघितली. ‘वागणूक: लग्न ठरल्यामुळे हवेत’. लग्न मोडलं, ती दुसऱ्याची होऊन गेली, तिची पोरं शाळेत जातात, हा अजून हवेतच. मला म्हणाला, सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा?

साहेबांची नोंद सर्वांत जुनी. त्यांच्या खोलीत गेले नाही.

माझी नोंद: प्रतिसाद नाही, कालच्याप्रमाणे.

ठकूची नोंद: खाणं नाही. आईची वाट बघतेय. कालच्याप्रमाणे.

ती चोरून खात नाहीये. अकरा तारखेपासून तिच्या पोटात अन्न गेलेलं नाही. तिला फक्त अजून ते कळलेलं नाही.

हे लिहिताना हात थरथरायला हवा. अक्षर बघा. मोत्याच्या दाण्यासारखं आहे.

१ एप्रिल, बुधवार

काल ठकूला आणायला निघायचं होतं. बॅग भरली. मग खुर्चीवर बसले. मग संध्याकाळ झाली होती.

आजही तेच.

डॉक्टरीणबाई घरी आल्या आणि अक्षरशः ओरडल्या. म्हणाल्या, दर दिवसाला त्या पोरीच्या अंगावर एकेक दिवसाची भूक चढतेय, आणि तुम्ही खिडकीबाहेर काय बघताय? मी म्हटलं, खरं आहे. आणि बसून राहिले. शेवटी त्यांनीच माझ्या फोनवरून आईला फोन लावला. परीक्षा गेली चुलीत, मिळेल त्या गाडीनं पोरीला घेऊन या, म्हणाल्या.

दाढीला म्हटलं, खोलात जाऊन कोकराची नोंद पुसून टाक. तो हो म्हणाला. मीही हो म्हणाले. आम्ही दोघं बसून राहिलो. पुसली तरी साठलेले दिवस कुठे जाणार, असं शंकासुर म्हणाला. आनंदानं म्हणाला.

२ एप्रिल, गुरुवार

आल्या.

आई दारातच माझ्या गळ्यात पडून रडली. ठकू तिच्यामागे उभी. तोच फ्रॉक, त्याच दोन वेण्या. गाल गुबगुबीत.

मी खाली बसले आणि हात पसरले. ती आली नाही. चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या, खिडकीपाशी गेली, बाहेर बघत उभी राहिली. खेळण्यांचं खोकं उघडलंसुद्धा नाही. आई म्हणाली, अगं, ही बघ तुझी आई. ठकू वळली. पाहुण्यांशी बोलतात तशी, फार गोड बोलली.

काकू, माझी आई कधी येणार?

३ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर खिडकी. मी सांगते मी आई आहे. ती हो म्हणते. मग परत विचारते.

तिच्या नोंदीत आई यायचीच आहे. मी तिच्यासमोर जन्मभर उभी राहिले तरी यायचीच आहे.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी ठकूच्या नोंदीशी जोडलेला बिल्ला दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घालून बघितला. स्कॅनर म्हणाला, जनावर नाही. पूर्वी राखणदार बिल्ले खिळ्याला टांगून बसल्याजागी नोंदी करत, म्हणून साहेबांनी ती चोरी बंद केली. बिल्ल्याचे दोन भाग कानाच्या आरपार जुळले, तरच तो जागा होतो.

हुशार माणूस.

४ एप्रिल, शनिवार

ठरलं ते असं. बिल्ला मारायचा, ताजी नोंद करायची. ‘आई आली आहे’ असं लिहायचं. मग तीन-साडेतीन आठवड्यांची भूक एका क्षणात येईल. डॉक्टरीणबाईंनी सलाईन, नळ्या, सगळं आणलंय. रुग्णवाहिका दाराशी उभी राहील. एकदम खायला द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी, नाहीतर खाण्यानंच जाईल, म्हणाल्या. थेंब थेंब.

वाचेल का विचारलं. म्हणाल्या, आज वाचेल असं वाटतं. पुढच्या आठवड्यात सांगता येणार नाही.

पण चिमटा त्या लावणार नाहीत. आयुष्यभर जनावरांना लावला, पोरीच्या कानाला लावणार नाही म्हणाल्या. आईला तर सांगितलेलंच नाही.

म्हणाल्या, आधी तुमची नोंद ताजी करू या. जाग्या व्हा, मग पोरीकडे बघा.

नको म्हटलं. जागी झाले तर माझा हात उठणार नाही. शिवाय रडायचं राहिलेलं सगळं येईल, ठकूच्या बाबाचंही. मला काही वाटत नाही तोवरच हे होईल.

आज करायचं होतं.

खुर्ची. संध्याकाळ.

५ एप्रिल, रविवार

सकाळ. वही ओट्यावर उघडी ठेवलीय. एकेक गोष्ट करायची आणि लिहायची. लिहिलं की पुढची सुचते. नाहीतर बसून राहते.

आईला दूध आणायला पाठवलं.

डॉक्टरीणबाई आल्या. सलाईन अडकवलं. रडतायत.

चिमटा उकळून घेतला.

ठकूला खिडकीतून उचलून मांडीवर घेतलं. विरोध नाही. केसांना तोच वास. म्हणाली, काकू, तुमचे हात गार आहेत.

बिल्ला लावला चिमट्याला. पिवळा. मेंढीचा असतो तोच.

कान केवढासा आहे—

खुर्चीकडे बघायचं नाही.

दाबला. टक् झालं. रक्त नाही. हललीसुद्धा नाही. विचारते, आई आली की मला उठवाल ना—

स्कॅनर. जागा झाला. नाव आलं. ठकू.

दात: हलतोय.

वागणूक: आई आली आहे. आई आली आहे. दोनदा लिहिलं गेलं, राहू दे.

प्रतिसाद: आहे.

खाणं: नाही. खरंच लिहायचं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सुई हातात धरलीय. मान हलवली.

बटण—

कानातून रक्त. लाल. किती लाल—

बघतेय माझ्याकडे. दात पडला, माझ्या तळहातावर. गाल— गाल बसतायत— हात काड्यांसारखे— मला घट्ट धरलंय, नखं रुततायत, आणि मला काहीच— काहीच वाटत ना—

ओळखलं. ओळखलं तिनं मला. हसली. म्हणते, आई, मला भू—